दाजींबरोबर रेडनलच्या ट्रामवाटेवर

नेव्हिगेशन स्ट्रीट

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. बसचा दिवसभराचा पास पाच पौंड वीस पेन्स, तोही माझ्या एकट्याचा. दाजींना वयामुळे बस फुकट. हजर आम्ही दोघेच. माझी थोरली बहीण आक्का हिलाही यायचे होते, पण डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला उठवत नाही, म्हणून ती घरी राहिली.

मी कोल्हापूरचा. वीज कंपनीच्या भांडार विभागात आहे. आमच्या मंडलात किती खांब उभे, किती वाऱ्याने पडले, किती नवे आले, याचा हिशेब ठेवणे हे माझे काम. परदेशी जाण्याचा योग चोपन्नाव्या वर्षी आला, तो आक्काच्या आजारपणामुळे. दाजी म्हणजे तिचे यजमान. बर्मिंगहॅमला सगळी नोकरी छातीच्या रोगांचे डॉक्टर म्हणून केली, आता निवृत्त. मुलगा मिहीर लंडनजवळ पिनरला असतो. आक्का फोनवर नेहमी "मी मजेत आहे" म्हणायची. शेवटी मिहीरच मला म्हणाला, "मामा, तू जाऊन बघ ना एकदा. मला ते दोघं काही सांगतच नाही." म्हणून तीन आठवड्यांची रजा टाकली.

विमानतळावर दाजी स्वतः गाडी घेऊन आले होते. आक्का त्यांच्या शेजारी, मी मागे. सबंध रस्ता आक्काचे चालू होते. "अहो, पुढे लाल आहे." "डावीकडे सायकलवाला." "झाला हिरवा, चला." मला हसू आले. माझी बायको स्कूटरवर मागे बसून हेच करते. मी म्हटले, "आक्का, एवढी वर्षं झाली, अजून दाजींना गाडी शिकवतेसच?"

"शिकतात कुठे ते," आक्का म्हणाली, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

आता ट्रामबद्दल. बर्मिंगहॅममध्ये पूर्वी विजेच्या ट्रामचे जाळे होते. काही मार्ग शेजारच्या गावांना जोडलेले, आणि एक शहराच्या पोटातून निघून थेट रेडनल नावाच्या खेड्याशी, लिकी टेकड्यांच्या पायथ्याला जाई. सत्तरएक वर्षांपूर्वी ते सगळे बंद झाले. दाजींनी ती ट्राम पाहिलेली नाही. ते नोकरीला आले तेव्हा वॉर्डातले म्हातारे रोगी परदेशी डॉक्टरशी बोलायला बिचकत. दाजींनी एकाला विचारले, सुटीला कुठे जायचास रे लहानपणी? तो म्हणाला, ट्रामने लिकीला. मग दुसऱ्याला विचारले, तोही तेच म्हणाला. दम लागलेली माणसेही ट्रामचा विषय निघाला की बोलत. त्यातून दाजींना नाद लागला. सुटीच्या दिवशी एकेक बंद मार्ग शोधून काढायचा, कुठे रूळ डांबराखाली दिसतो, कुठे जुना खांब उरलाय ते बघायचे. सगळे मार्ग झाले होते. रेडनलचा तेवढा मुद्दाम मागे ठेवलेला.

"तू खांबवाला," दाजी म्हणाले. "तुझ्याशिवाय ही लाइन करण्यात अर्थ नव्हता."

मला बरे वाटले. फक्त एक कळेना की घरासमोर गाडी असताना बसने कशाला. "ट्रामची वाट गाडीतून कळत नाही," ते म्हणाले. हेही पटले.

नेव्हिगेशन स्ट्रीटवर, मोठ्या रेल्वे स्टेशनच्या मागे, ट्राम सुटत असे. तिथे आता काही नाही. डबल डेकर बस, काचेच्या इमारती, आणि बोचरा वारा. दाजी भराभर चालत होते, मधेच एका कोपऱ्यावर थांबले आणि काठीने वर दाखवले.

"जिथे खांब पुरायला जागा नव्हती तिथे तारा इमारतींच्या भिंतींना बांधत. भिंतीत लोखंडाचं फूल बसवायचे, त्याला तार. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली बघ. दिसलं?"

मी वर पाहिले. सबंध इमारतीला दुरुस्तीसाठी परांची बांधलेली होती आणि तिच्यावरून हिरवी जाळी सोडलेली. खिडकीच दिसत नव्हती, तर फूल कुठले?

"हो दाजी," मी म्हणालो. "दिसलं."

असे का म्हणालो, तर आमच्या घरात दाजींना कोणी नाही म्हणत नाही. ते जावई आहेत, वडीलधारे आहेत, डॉक्टर आहेत. आमचे वडील, आबा, असतानाही जेवताना दाजी म्हणाले की मीठ कमी आहे, तर सगळे पानात मीठ वाढून घेत. मी समजलो की ते शेजारची इमारत म्हणत असतील, उगाच खोडून कशाला काढा.

तिथून ब्रिस्टल रोडने सेली ओकपर्यंत थोडे पायी, थोडे बसने गेलो. बस येताना दिसली की दाजी थांब्यावरच्या कुणालाही विचारत, "सिक्स्टी-थ्री, इज इट?" नंबर तर बसच्या कपाळावर हातभर अक्षरात होता. मला वाटले, बोलायला निमित्त. इथे माणसे एरवी बोलत नाहीत. उतरताना मात्र प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणून उतरतो, शाळकरी पोरेसुद्धा. आमच्याकडे बसच्या पत्र्यावर थाप मारतात.

सेली ओकला पाऊस लागला. एका दुकानात चिप्सवर पिवळी करी ओतून घेतली, ती गरम होती एवढेच तिच्याबद्दल चांगले म्हणता येईल. संध्याकाळी आक्काने माझ्यासाठी तांबडा रस्सा केला होता. वास कोल्हापूरचा. तिच्या स्वतःच्या ताटात दोनदा उकळून पाणी फेकलेली कोबीची भाजी आणि पांढरा भात. खोबरे नाही, टोमॅटो नाही, केळे नाही. पाण्याचीही मोजणी, औषधाच्या गोळ्यांपुरता एक छोटा पेला भरून ठेवलेला असतो, त्यात दिवस काढायचा.

"चव बघ रे," ती मला म्हणाली. "मला सांग कसा झालाय."

मी सांगितले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

बुधवार

सोमवार, बुधवार, शुक्रवार आक्काचे डायलिसिस. बुधवारी मीही गेलो. जाताना मागल्यासारखेच, लाल, हिरवा, वळण, म्हातारी बाई. दवाखान्यात चार तास ती यंत्राला जोडलेली असते. खोलीत बाराजण, कोणी झोपलेला, कोणी दूरदर्शनकडे बघत असलेला. नर्सबाई केरळच्या, आक्काला "शैला आंटी" म्हणत होत्या. दाजी बाहेर खुर्चीत डोळे मिटून बसले. वर्तमानपत्र समोर पडले होते, त्याला त्यांनी हात लावला नाही.

येताना आक्का सीटवर बसताक्षणी झोपली. तोंड उघडे, हात पालथे. तिला उठवून काही विचारणे क्रूरपणाचे झाले असते. गाडी चालली होती, पण फार सावकाश. आमच्यापुढे एक बस होती. बस थांब्यावर थांबली की दाजीही मागे थांबत. बस निघाली की निघत. उजवीकडून गाड्या आणि सायकली जात, मागचा एक जण हॉर्न वाजवून ओरडूनही गेला, पण दाजींनी बस ओलांडली नाही. मी म्हटले, "दाजी, पुढे काढायची होती."

"घाई काय आहे?" ते म्हणाले.

एका ठिकाणी शाळा सुटत होती. पिवळा कोट घातलेली बाई हातात गोल पाटी घेऊन रस्त्यात उभी राहिली, मुले पलीकडे चालली. बस थांबली, आम्हीही थांबलो. मी मुलांच्या लाल टोप्या बघत बसलो. मला तेव्हा काहीही कळले नाही हे लिहून ठेवतो.

नॉर्थफील्ड

गुरुवारी उरलेली वाट. सेली ओकच्या पुढे ब्रिस्टल रोड रुंद होतो आणि मधोमध गवताचा लांबच लांब पट्टा सुरू होतो, दोन्ही कडांना मोठी झाडे. या पट्ट्यातूनच ट्राम जाई; रूळ काढले, जागा तशीच सोडली. मैलोन्‌मैल अशी मोकळी जमीन शहरात पडून आहे आणि तिच्यावर एक चहाची टपरीसुद्धा नाही. आमच्याकडे एव्हाना चार तालमींचे मांडव आणि एक पार्किंग झाले असते. इथे नुसती ओली पाने. ऑक्टोबरात ती झडतात आणि कुजतात, आणि दुपारी तीनलाच उजेड संध्याकाळसारखा होतो. त्या पट्ट्यातून आम्ही चाललो होतो, दोन्ही बाजूंनी गाड्यांचा आवाज, मधे आम्ही दोघेच. मसणात चालल्यासारखे वाटत होते.

नॉर्थफील्डजवळ दाजी एका खांबापाशी गेले. तळवा त्याच्यावर ठेवला.

"हा बघ. ओरिजिनल. सबंध लाइन नाही केली, पण हा खांब बघायला मी पंचवीस वर्षांपूर्वी येऊन गेलोय. ओतीव लोखंड. बुडाशी रुंद, वर कड्या, टोकाला गोळा. ट्राम गेली, त्यांनी यालाच दिवा लावला. काय म्हणतोस, खांबवाले?"

मी पाहिले. सरळ सोट, जस्ताचा मुलामा दिलेला पोकळ खांब. बुडाशी केबलचे छोटे झाकण. त्याच्यावर पिवळी पट्टी आणि छापील क्रमांक. कड्या नाहीत, गोळा नाही. असे खांब मी ट्रकने उतरवून घेतले आहेत. त्याचे वय पाच वर्षेही नसेल.

माझ्या तोंडावर "हो दाजी" आलेच होते. पण खांबाच्या बाबतीत खोटे मला बोलता येईना. बोटातल्या अंगठीने मी त्याच्यावर टकटक केले. पातळ पत्र्याचा आवाज आला.

"दाजी, हा नवा आहे."

"मग कौन्सिलने बदलला असेल."

"बदललाच आहे. पण तुम्ही आत्ता त्याच्याकडे बघून बोललात."

त्यांचा हात खांबावरच होता.

"या पट्टीवर काय लिहिलंय?"

"चष्मा घरी राहिला."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे दाजी. बरं, ती पलीकडे निळी गाडी उभी आहे, तिचा नंबर वाचा."

"वकिली कधीपासून करायला लागलास?" ते हसायला गेले. मी हसलो नाही. तेव्हा त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"मधलं गेलंय," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांचं. कडेकडेचं दिसतं, चालता येतं, रंग थोडे कळतात. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात. तोंड नाही. तिथे धुरकट डाग."

"केव्हापासून?"

"डावा जुना आहे. उजवा या वसंतात गेला."

"आणि गाडी?"

"गाडी तुझी बहीण चालवते. मी फक्त स्टिअरिंग धरतो."

मग मला लाल आणि हिरवा कळला. आणि बुधवारची बसही कळली. मी तिथेच ओल्या गवतात बसलो. दाजीही माझ्या शेजारी बसले. दोन म्हातारे भारतीय रस्त्याच्या मधोमध का बसलेत, म्हणून जाणारे बघत होते.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "सुधाकर, एक सांग. खरं सांग. शैला कशी दिसते हल्ली?"

मी समोरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिलो.

"रंग कसा आहे तिचा? पिवळट की राखट? डोळ्यांखाली सूज? रोज शेजारी असतो मी तिच्या, डॉक्टर आहे, आणि मला दिसत नाही."

मी जे होते ते सांगितले. राखट. सूज आहे, सकाळी जास्त. गालांची हाडे वर आली आहेत. त्यांनी मान हलवली, रोग्याचा नातेवाईक नीट उत्तर देतो तेव्हा डॉक्टर हलवतात तशी.

"चल," ते उठत म्हणाले. "लाइन पुरी करू."

रेडनल

लाँगब्रिजला पूर्वी मोटारींचा अवाढव्य कारखाना होता, तोही पाडून आता तिथे दुकाने आणि घरे झाली आहेत. तिथून ट्रामचा मार्ग डावीकडे वळे. पुन्हा रुंद रस्ता, पुन्हा मधला पट्टा. शेवट म्हणजे एक वळण आणि गवत. सुटीच्या दिवशी इथे ट्रामगणिक माणसे उतरायची, मुले धावत टेकडीवर जायची, संध्याकाळी परतीसाठी रांगा लागायच्या, असे दाजींना त्यांच्या रोग्यांनी सांगितले होते. आता एक बाई कुत्र्याला फिरवत होती.

बाकावर बसून आम्ही थर्मासातला चहा प्यायलो.

"टेकडी दिसते?" दाजींनी विचारले.

"नाही. ढगात आहे."

"खरं सांगतोस ना?"

"खरंच दिसत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

मी म्हटले, "दाजी, गाडी थांबवा. कायद्याने तुम्हाला परवाना खात्याला कळवायला लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

"कळवलं की काय होईल ते ऐक. दवाखान्याची व्हॅन येते. ती चार रोगी गोळा करत फिरते. डायलिसिस संपल्यावर तास-दीड तास बाहेर बसवतात. घरी येईपर्यंत तिच्यात काही उरत नाही. मी नेतो म्हणून ती वीस मिनिटांत अंथरुणावर असते. आणि मिहीरला कळलं की तो पिनरला नेईल. तिकडे वरची एक खोली. शैला तिथे चार महिन्यांत संपेल."

"आणि रस्त्यात कोणी आलं तर?"

"आजवर आलं नाही."

मी थर्मासाचे झाकण लावले. मोठ्या माणसाला बाकावर बसून किती बोलायचे.

घरी

आक्का स्वयंपाकघरात लसूण सोलत होती, आमच्या आमटीसाठी. मी दार लोटून घेतले.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"दाजींचे डोळे."

तिने सुरी खाली ठेवली नाही. "त्यांच्या आधी मला कळलं. चहा कपाच्या बाहेर ओतायला लागले तेव्हाच."

"आणि तू गाडीत बसतेस."

"मी नाही बसले तर ते एकटे नेतील. मी बसले तर निदान बघते तरी. ते माझे पाय झालेत, मी त्यांचे डोळे. चाललंय ना? तू तीन आठवड्यांनी जाशील, सुधा. आम्हाला इथे राहायचंय."

"जाताना बघतेस आक्का. येताना तू झोपतेस."

"डोळा लागतो कधीतरी."

"काल शाळेपाशी मुलं रस्ता ओलांडत होती. लाल टोप्या. बस थांबली म्हणून दाजी थांबले. ते सबंध रस्ता बसच्या मागच्या दिव्यांवर चालवत होते. काल पुढे बस नसती तर?"

तिने सुरी ठेवली. बराच वेळ लसणाच्या पाकळ्या एका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "किती मुलं होती?"

"आठ-दहा."

"मला कोणी उठवत का नाही येताना?" ती एकदम ओरडली. "उठवायचं ना मला!" आणि रडायला लागली. आमची आक्का आबा गेले तेव्हासुद्धा माणसांपुढे रडली नव्हती.

मी वळलो तर दार उघडे होते आणि दाजी उभे होते. त्यांनी किती ऐकले ते मी विचारले नाही. ते बाजूच्या खोलीत गेले. त्या दिवशी जेवताना मला कोणी वाढले नाही, मी आपले घेतले. दाजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटले, मीठ कमी नाही असे दाजींना म्हणणारा आमच्या घरातला पहिला माणूस मी, आणि याची किंमत म्हणून बहिणीचे घर मला बंद झाले.

शुक्रवार

सकाळी मी चहा करत होतो. दाजी आत आले, आणि खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला.

"मेहुणे, यावर टॅक्सी कशी बोलावतात?"

मी दाखवले. त्यांनी दोनदा करून घेतले, बोलून कशी बोलवायची तेही, बटणे न बघता. मग मिहीरला फोन लावला. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाले, "थांब. तू ऐक, म्हणजे नंतर काय बोललो त्याला साक्षी." मुलाला त्यांनी सगळे सांगितले, रोग्याला सांगतात तसे, सावकाश आणि न लपवता. पलीकडे मिहीर एवढेच म्हणत होता, "डॅड, मी येते शनिवारी. मी येते." घाबरला की त्याचे मराठी असे होते. पिनरचे तो काय ठरवणार, हे मी परत येईपर्यंत ठरलेले नव्हते. आक्का म्हणते, बघू. दाजी काहीच म्हणत नाहीत.

टॅक्सी आली. ड्रायव्हर पाकिस्तानातल्या मीरपूरकडचा, पांढऱ्या दाढीचा, "आइए बहनजी" म्हणत त्याने आक्कासाठी मागचे दार उघडले. मी तिच्या शेजारी बसलो. दाजी बाहेर पडले, सवयीने गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि पुढच्या दाराची मूठ धरून उभे राहिले. ड्रायव्हरने आतून पाहिले. त्याने हॉर्न वाजवला नाही. नुसता बसून राहिला. दाजींनी मूठ सोडली, बॉनेटवरून हात फिरवत पलीकडे आले आणि डावीकडे पुढे बसले.

जाताना आक्का सवयीने म्हणाली, "लाल आहे," आणि गप्प झाली. ड्रायव्हर म्हणाला, "जी, देख लिया."

दवाखान्याच्या दारात मीटरवर चौदा पौंड ऐंशी पेन्स झाले. मी खिशात हात घातला, दाजींनी माझे मनगट धरले. पाकिटातून एक नोट काढली, तिच्या कोपऱ्यावरून अंगठा दोनदा फिरवला. तिथे बारीक उंचवटे असतात, न दिसणाऱ्यांनी नोट ओळखावी म्हणून. ते दाजी कधी शिकले होते, मला माहीत नाही. वीस पौंडांची होती. ती त्यांनी ड्रायव्हरला दिली आणि सुटे परत घेतले नाहीत.